म्याकलअक्का आणि बत्तीसचं आयपीस

म्याकलअक्का कधीही "दिसलं का?" असं विचारत नसत. दुर्बिणीला डोळा लावून उभ्या असलेल्या माणसाला त्या विचारत, "काय दिसलं?"

"दिसलं का?" म्हटलं की माणूस हो म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. मागे रांग उभी असते, पुढचा बघून "वा!" म्हणून गेलेला असतो, मग आपल्याला नाही दिसलं हे सांगायचं कसं? "काय दिसलं?" विचारलं की मात्र त्याला खरं सांगावं लागतं. बत्तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढल्यावर आलेलं हे शहाणपण होतं. तिथेही गिऱ्हाईक नवा चष्मा लावून आरशात बघतं आणि "दिसतंय, दिसतंय" म्हणतं. अक्का त्याला दारात नेऊन समोरच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचायला लावत.

परवा एका तरुण शिक्षकाचा फोन आला. शाळेसाठी दुर्बीण घेतली आहे, आता थोडक्या पैशात एखादं आयपीस घ्यायचंय, कुठलं घेऊ? जास्तीत जास्त मोठं दाखवणारं सांगा, म्हणाला. मी त्याला उत्तर दिलं, पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी बोललेलं एकही वाक्य माझं नव्हतं.

मी तेव्हा सोलापूरपासून एसटीने तासाभरावर असलेल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होतो. गावकऱ्यांनी वर्गणी काढून शाळेला साडेचार इंची आरशाची दुर्बीण घेऊन दिली होती. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, '६७५ पट'. त्या आकड्यावर सगळं गाव खूश होतं. पहिल्या संध्याकाळी शंभरेक माणसं जमली, आणि तीन तासांत एकालाही काही दिसलं नाही. चंद्र सोडून काही सापडेना. सापडलं तर हलायचं, हललं नाही तर धूसर व्हायचं. आयपीस, म्हणजे दुर्बिणीत आपण जिथे डोळा लावतो ते भिंग, इतकं बारीक होतं की पापण्या त्याला घासायच्या. लोक एकेक करून घरी गेले. मला वाटलं, भिंगावर धूळ बसली असेल. म्हणून रविवारी मी ते खोकं घेऊन नवी पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात गेलो.

दुकानाचे मालक बसवराजशेठ. त्यांनी खोक्याकडे पाहिलं आणि मागच्या पडद्याकडे बोट केलं. "ते आमच्यात येत नाही सर. ते अक्कांचं खातं."

पडद्यामागे एक पन्नाशीची बाई घासचाकावर चष्म्याची काच धरून बसली होती. उंच, सडपातळ, केस घट्ट बांधलेले, कोपरापर्यंत हात पांढऱ्या भुकटीने माखलेले. काच चाकावरून न उचलता तिने विचारलं, "काय बघायलाव सर?"

"म्हणजे?"

"दुर्बिणीतून ओ. काय बघायचंय तुम्हाला?"

मी म्हणालो, "सगळंच." आणि ६७५ पटीचं सांगितलं.

तिने चाक थांबवलं, हात धुतले, आणि मला दुकानाच्या दारात नेलं. रविवारची नवी पेठ. साड्यांची दुकानं, पिशव्या सांभाळत चाललेल्या बायका, त्यांच्यातून वाट काढणाऱ्या रिक्षा. तिने माझ्या खिशातल्या पेनाची बारीक पोकळ नळी काढून माझ्या हातात दिली. "ह्यातून बघा. त्या गर्दीत हिरव्या साडीतली बाई हुडका."

मी बराच वेळ हुडकत राहिलो. एक कान दिसला, एक चाक दिसलं, कुणाची तरी पाठ दिसली.

मग तिने वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून मोठी नळी केली. हिरव्या साडीतली बाई दोन क्षणांत सापडली. कांदे-बटाट्यांची पिशवी खाली ठेवून ती पदराने वारा घेत होती.

"कळलं की," अक्का म्हणाल्या. "आधी सापडायला पाहिजे. मोठं करायचं काम नंतरचं. तुम्हाला कमी पटीचं आयपीस पाहिजे सर. हे बारीक, चार मिलिमीटरचं, ठेवून द्या पेटीत."

म्याकल कुटुंब सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू बोलणारं. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे, आई विड्या वळायची. आकाशाची ओळख अक्कांना उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना झाली, आणि ती करून दिली आईने, तेलुगू नावांनी. कृत्तिकांच्या पुंजक्याला आई 'पिल्लल कोडी' म्हणायची, म्हणजे पिल्लांची कोंबडी. दहावीनंतर अक्का दुकानात लागल्या आणि महिन्याभरात त्यांनी पहिली दुर्बीण केली. कुणीतरी परत केलेली एक नंबरची काच, कापडाच्या ताग्यातली पुठ्ठ्याची नळी, आणि गल्लीतल्या घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग. त्या दुर्बिणीतून चंद्राभोवती इंद्रधनुष्य दिसायचं, असं त्या हसून सांगत.

लग्न त्यांनी केलं नाही. आई आणि त्या, दोघीच राहत. पुढे पगारातून त्यांनी एक खरी दुर्बीण घेतली, पण आयपीसच्या बाबतीत त्या आयुष्यभर एकाच गोष्टीचा पाठपुरावा करत राहिल्या. स्वस्तातलं, कमी पटीचं, रुंद दाखवणारं कुठलं? "कोंबडीबरोबर सगळी पिल्लं दिसली पाहिजेत," त्या म्हणत. "नुसती चोच दाखवून काय उपयोग?"

त्यांच्या सल्ल्यावरून मी चाळीस मिलिमीटरचं आयपीस मागवलं. आकडा जितका मोठा तितकी पट कमी, हे एव्हाना मला कळलं होतं, आणि चाळीस हा सगळ्यांत मोठा होता. ते आलं, आम्ही लावलं, आणि खरंच चित्र बदललं. तारे सापडू लागले. मी फोन करून अक्कांचे आभार मानले.

पंधरा दिवसांनी, शाळा सुटायच्या वेळी, एसटीतून अक्का उतरल्या. हातात कापडी पिशवी. घामाने डबडबलेल्या. मला वाटलं, घरी काही झालं. त्या व्हरांड्यात बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सर, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"चाळीसचं सांगायला नको होतं. बत्तीसचं सांगायचं होतं." त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं स्वतःचं बत्तीस मिलिमीटरचं आयपीस काढलं. "मी परवा एकाकडून चाळीसचं मागून आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितली. दुर्बिणीच्या ज्या नळीत आपण हे बसवतो ती सव्वा इंचाची आहे. त्या गळ्यातून जेवढं आकाश मावतं ते बत्तीसमध्येच संपतं. चाळीस लावलं म्हणून जास्त आकाश दिसत नाही. खिडकी तेवढीच, तुम्ही खिडकीपासून चार पावलं मागं जाऊन उभं राहिलाव."

"अहो, पण दिसतंय की आम्हाला चांगलं."

"तुम्हाला चांगलं दिसायलंय म्हणून मी चूक गिळू का?" त्या जवळजवळ रागावल्याच. "तुम्ही दुसऱ्या मास्तरला सांगणार, तो तिसऱ्याला. माझ्या नावाने चुकीचं फिरेल."

त्यांनी त्यांचं बत्तीसचं मला दिलं आणि माझं चाळीसचं पिशवीत टाकून सहाच्या एसटीने परत गेल्या. मी किती म्हटलं, ऐकलं नाही. आईला रात्रीचं जेवण वेळेवर लागतं एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर महिन्यातून एक शनिवार त्या आमच्याकडे येऊ लागल्या. दुर्बीण मांडायची त्यांची एक पद्धत होती. भिंगावर तोंडाने फुंकर मारू द्यायच्या नाहीत. रबरी फुग्याने हवा मारायची आणि शंभरदा धुतलेल्या धोतराच्या तुकड्याने, अगदीच लागलं तर, एकदा टिपायचं. बत्तीसच्या आयपीसला चष्म्यासकट डोळा लावता येत असे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना त्या आधी बोलवत. आणि आयपीसची नळी जिथे पुढेमागे सरकते तिथे त्यांनी आलेखाच्या कागदाची एक पट्टी चिकटवली होती. एका रेघेवर लाल शाईची खूण होती. तिथे नळी आणली की नीट नजरेच्या माणसाला तारे टिपक्यासारखे स्वच्छ दिसत. मुलं नळी सरकवायचं चाक फिरवून ठेवायची. अक्का पट्टी बघून नळी जागेवर आणायच्या. मला वाटायचं, वेळ वाचावा म्हणून केलेली ती युक्ती आहे.

ते जानेवारीतलं असावं. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता. गावाजवळच्या रस्त्याने दिवसरात्र कारखान्याकडे ट्रॅक्टर जायचे, मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यांच्यामध्ये ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्या. त्या शनिवारी साडेसातच्या सुमारास पटांगणात चाळीसेक माणसं होती. दुर्बीण कृत्तिकांवर लावलेली. दत्ता आणि त्याची बायको सुनंदा रांगेत होती. दत्ता कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा. मुलगी आमच्या शाळेत चौथीला. तगडा, हसरा माणूस, गावात त्याच्या शब्दाला मान होता.

दत्ताने डोळा लावला, जरा थांबला, मग हाताने चाक हळूच फिरवलं.

"काय दिसलं?" अक्कांनी विचारलं.

"लई भारी. ह्या एवढाल्या चांदण्या. सात-आठ मोठ्या हाईत, बारक्या तर मोजताच येत न्हाईत."

मग सुनंदाने डोळा लावला. "मला न्हाय काय दिसत. धूरच हाय नुसता."

अक्कांनी पट्टीवर विजेरी धरली, बघितलं, नळी लाल खुणेवर आणली. सुनंदाला दिसलं. मग अक्का म्हणाल्या, "दादा, अजून एकदा या की. दुसऱ्या डोळ्याने बघा."

दत्ता आला. पुन्हा चाक फिरवलं. अक्कांनी पुन्हा पट्टी बघितली. मी शेजारीच होतो. त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला.

"दादा, तुम्ही काय काम करता?"

"ट्रॅक्टर हाय. कारखान्याला ऊस टाकतो."

"रात्री पण चालवता?"

"व्हय. पाळी यील तसं."

"चालवू नका," अक्का म्हणाल्या. "तुम्हाला अडीच नंबरचा तरी चष्मा पाहिजे. लांबचं दिसत नाही तुम्हाला. आजपासून चालवू नका."

त्यांना हळू बोलता येत नसे. आयुष्य घासचाकाच्या आवाजात गेलेलं, आणि लहानपण मागांच्या खडखडाटात. पटांगणातल्या शेवटच्या माणसापर्यंत ते वाक्य गेलं. कुणीतरी हसलं. मागून एक जण ओरडला, "दत्ता, आंधळी कोशिंबीर खेळतुस व्हय रं रस्त्याला?"

दत्ताचा चेहरा काळवंडला. "वीस वरसं गाडी हाकतुय मी," तो म्हणाला. "चांदण्या दावायला आलाय तर चांदण्या दावा." आणि सुनंदाचा हात धरून चालता झाला.

लोक पांगल्यावर अक्का दुर्बीण आवरायचं सोडून तशाच बसून राहिल्या. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"पट्टी," त्या म्हणाल्या. "बत्तीसच्या आयपीसला नळी एक मिलिमीटर आत गेली की एक नंबर. ज्याला लांबचं दिसत नाही, तो नळी आत घेतो, त्याशिवाय त्याला चांदणी दिसणारच नाही. हा दोन्ही डोळ्यांनी अडीच रेघा आत गेला. तुमच्या त्या चारच्या आयपीसला हे कधीच कळलं नसतं, तिथं केसाएवढाही फरक पडत नाही." मग म्हणाल्या, "पण मी चारचौघांत बोलले. ते वाईट झालं. आता तो चष्मा घालणार नाही. माझ्यामुळे घालणार नाही."

मी म्हणालो, मी समजावतो त्याला. रविवारी मी गेलो, तर दत्ताने मला दारातच सांगितलं, "गुरुजी, तुमी आमचं मास्तर हाय, म्हनून काय बोलत न्हाय." त्या रात्री तो पाळीवर गेला.

मंगळवारी दुपारी अक्का पुन्हा एसटीतून उतरल्या. दुकानातून सुट्टी काढून आल्या होत्या. हातात एक चपटी लाकडी पेटी, डॉक्टर नंबर काढताना वापरतात तशी चाचणीच्या भिंगांची. शाळेच्या मधल्या सुट्टीत आम्ही दत्ताच्या घरी गेलो. तो अंगणात कडुलिंबाखाली बाजेवर बसला होता. आम्हाला बघून उठला नाही.

अक्का उभ्याच राहिल्या. "दादा, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले. माझं चुकलं. माझं माणूस असतं आणि कुणी असं बोललं असतं तर मलाही राग आला असता." मग पेटी बाजेवर ठेवली. "मला आता एक शब्द बोलायचा नाही. हे डोळ्यावर लावा, समोर बघा, नको वाटलं तर काढा. मी जाते परत."

सुनंदा दारात आली होती. ती म्हणाली, "लावा की ओ. बाई एवढ्या लांबनं आलीया."

दत्ताने पेटीतली रिकामी फ्रेम लावून घेतली. अक्कांनी एकेक भिंग त्यात सरकवलं. पहिलं, दुसरं. तिसऱ्या भिंगाला तो थांबला. रस्त्यापलीकडे विजेची तार होती. बराच वेळ तो तिकडेच बघत राहिला.

"काय दिसलं?" अक्कांनी विचारलं. या वेळी मात्र हळू.

"तारेवर पाखरं हाईत," तो म्हणाला. "पाच... न्हाय, सहा."

मग त्याने मान वळवून दारात उभ्या बायकोकडे बघितलं, तिच्यामागच्या भिंतीकडे बघितलं, कडुलिंबाच्या फांद्यांकडे बघितलं. आणि फ्रेम न काढताच बोलायला लागला. पंधरा दिवसांपूर्वी पहाटे कालव्याच्या वळणावर पुढे बैलगाडी होती. त्याला ती दिसलीच नाही. गाडीवर उसाच्या मोळ्यांवर बसलेली बाई ओरडली तेव्हा त्याने ट्रॅक्टर शेतात घातला. एक ट्रॉली उलटली. बाईच्या मांडीवर लेकरू होतं, ते त्याला खाली उतरून जवळ गेल्यावर कळलं.

"ब्रेक फेल झाला म्हनून सांगितलं समद्यास्नी," तो म्हणाला. "हिलाबी तेच सांगितलं. चष्मा लागला तर मालक ट्रॅक्टरवरनं काढंल, म्हनून... मला वरीसभर म्हाईत हाय ओ बाई, नजर गेलीया."

सुनंदा पदर तोंडाला लावून खाली बसली. अक्काही तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसल्या. मग अक्कांनी दत्ताला दोन गोष्टी सांगितल्या. चष्म्याने दिसलं तर कुणी काढत नाही, न दिसता चालवलं तर काढतात. आणि नंबर आपण सांगितला तरी डोळा डॉक्टरांनी तपासायचा, त्याशिवाय काच लावणार नाही. दत्ता दुसऱ्याच दिवशी सोलापूरला गेला. डॉक्टरांनी एका डोळ्याला अडीच आणि एकाला पावणेतीन नंबर काढला. अक्कांनी संध्याकाळपर्यंत बसून स्वतः काचा घासल्या. मधल्या रात्रीच्या पाळीला दत्ताने पोट दुखतं म्हणून सुट्टी टाकली होती.

मालकाने त्याला काढलं नाही. थोडं चिडवलं, तेवढंच. महिनाभरात दत्ताच एकेका ड्रायव्हरला पकडून नवी पेठेत नेऊ लागला. एकाला चार नंबर निघाला. बसवराजशेठ कुरकुरत म्हणत, "अक्का, चांदण्या बघायला जाता आणि हे काय घेऊन येता?" पण फ्रेमचे भाव त्यांनी आपणहून उतरवले.

पुढच्या वर्षी माझी दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. फोन होत. आई गेल्याचं त्यांनीच फोनवर सांगितलं, दोन वाक्यांत. त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्कांना कावीळ झाली आणि ती पोटात उतरली असं बसवराजशेठ म्हणाले. मला कळलं तोवर सगळं उरकलं होतं.

त्याआधीच्या हिवाळ्यात मी त्यांना शेवटचं बघितलं. चार वाजले असतील. मी एसटीने सोलापूरला चाललो होतो आणि कारखान्याच्या फाटकापाशी उसाच्या ट्रॉल्यांमुळे गाडी अडकली. वजनकाट्यासाठी ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग लागली होती. एका ट्रॉलीच्या मागच्या फळीला अक्षरांचा तक्ता बांधलेला होता. समोर सहा मीटरवर दगड ठेवून रेघ मारलेली, आणि रेघेवर एक ड्रायव्हर तळव्याने डोळा झाकून उभा. बाजूला दोन-चार जण वाट बघत होते. अक्का तिथेच एका पालथ्या टोपलीवर बसल्या होत्या. शेजारी ऊसतोडीच्या टोळीतली एक म्हातारी. दोघी उसाचं कांडं दातांनी सोलून खात होत्या, आणि म्हातारीच्या कुठल्यातरी बोलण्यावर अक्का तोंड भरलेलं असतानाच हसत होत्या. चाचणीची फ्रेम त्यांच्या कपाळावर सरकवलेली होती. ती तिथे आहे हे त्या विसरल्या असाव्यात.

मी खिडकीतून हाक मारली. इंजिनांच्या आवाजात ती पोचली नाही. एसटी हलली तेव्हा अक्कांनी चोथा बाजूला टाकला, हात पदराला पुसले आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बोटाने रेघेवर बोलावलं.